आपलं पाणी आपण बघायचं नाही

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुमचाही वेळ जायचा नाही आणि माझाही. मला कुष्ठरोग झाला होता. आमच्याकडची जुनी माणसं त्याला रक्तपिती म्हणतात, तेही आवाज उतरवून. मी बरी झाले. उजव्या करंगळीचं एक पेर गेलं, बाकी हात शाबूत आहे. डॉक्टरांनी ज्यांना याच आठवड्यात डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकानं टोचून बघितलंय, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, पण मधे मधे "अरेरे" करू नका. मला त्या शब्दाचा भारी राग आहे.

हाताचं कौतुक

रत्नागिरीजवळच्या हातखंब्याहून आत वळलं की एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव. घरची थोडी आंब्याची कलमं, आणि सासूबाईंच्या हातची आंबापोळी. ही गोष्ट दोन हजार सालानंतर लगेचची. आमचे हे तेव्हा मुंबईला नोकरीला, म्हणजे घरात आम्ही तिघी: सासूबाई, मी आणि सात वर्षांची मनू. मे महिन्यात मागच्या पडवीत चुलीवर मोठ्या कढईत रस आटवायचा. आटत आला की तो फटफट उडतो आणि जिथे उडेल तिथे चिकटून बसतो. बाकीच्या बायका हाताला फडकं गुंडाळून ढवळतात. मी तशीच ढवळायची, आणि कढई उतरवायची झाली की नुसत्या हातांनी कडे धरून खाली ठेवायची.

"आमच्या सुमनला सांडशी लागत नाही हो," सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. मुंबईहून आलेले पाहुणे मुलांना घेऊन बघायला यायचे. मी तरी काय कमी? कोणी बघतंय म्हटल्यावर चहाचं पातेलं मुद्दाम हातानं उचलायची. सणावारी मोदकपात्र उतरवायला शेजारपाजारून मला बोलावणं यायचं. दोन वर्षं माझा हात मरत होता आणि दोन वर्षं आम्ही सगळ्या मिळून त्याचं कौतुक करत होतो. मनगटाजवळ एक फिकट चट्टा होता, तो उन्हाचा असेल म्हणून सोडून दिला होता.

त्या मे महिन्यात एका दुपारी मी कढई उतरवली आणि सासूबाई म्हणाल्या, "अगो, कसला वास येतोय?"

"रस लागला असेल खाली," मी म्हटलं.

रस लागला नव्हता. माझ्या उजव्या तळव्याची कातडी कढईच्या कड्याला चिकटून राहिली होती. मी ती बघितली, हात बघितला, आणि मला हसू आलं. खरंच सांगते, हसू. कारण दुखतच नव्हतं.

तीन वेळा

रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी मलम लावलं, हात बांधला आणि सहज विचारलं, "रात्री झोप लागली का? फार ठणकलं असेल."

"ठणकलंच नाही," मी म्हटलं. जरा मिरवूनच म्हटलं.

त्यांनी बांधलेलं पुन्हा सोडलं. चट्टा बघितला. कोपराच्या आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबून बघितलं, तेव्हा मात्र कळ थेट खांद्यात गेली. मग म्हणाले, "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मी डोळे मिटून बसले. वर पंखा करकरत होता. बाहेर कोणीतरी कंपाउंडरशी हुज्जत घालत होतं. मी वाट बघत होते, आणि मला वाट बघायची सवय नाही.

"डॉक्टर, टोचा की एकदाचं. मला साडेबाराची गाडी पकडायचीय."

"तीन वेळा टोचलं, वहिनी," ते म्हणाले.

मी डोळे उघडले. करंगळीच्या बाजूनं तीन बारीक ठिपके होते. त्यातल्या एकावर रक्ताचा थेंब आला होता.

मग त्यांनी रोगाचं नाव घेतलं. "आमच्या घराण्यात कोणाला नाही," मी म्हटलं. ते म्हणाले, घराण्यात असावा लागत नाही. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, वर्षभर न चुकता घ्यायचं, आणि औषध सुरू झालं की तुमच्यापासून कोणाला काही होत नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. "पण हाताचं वेगळं आहे. शीर सुजलीय. ती वाचली तर हात वाचला. बोटं एकदा वळली की वळली." मांडवीच्या वरच्या अंगाला चढणीवर ख्रिस्ती सिस्टरांचा छोटा दवाखाना आहे, तिथे दर गुरुवारी हातापायांचं बघतात, तिकडे जा म्हणाले.

साडेबाराची गाडी गेली. मी चालत मांडवीला गेले आणि समुद्राकडे तोंड करून बसले. घसा कोरडा पडला तेव्हा एका टपरीवर पाणी मागितलं. त्यानं पेला पुढे केला. मी तो घेतला नाही, "हातावरच ओता," म्हटलं. टपरीवाल्याला काही माहीत नव्हतं. मला वाळीत टाकणारं पहिलं माणूस मीच होते.

उंबऱ्याबाहेर

सासूबाई फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"कोणाला बोललीस?"

"कोणाला नाही."

"बोलू नको. हात भाजलाय म्हणायचं."

आरडाओरड नाही, रडणं नाही, काही नाही. सकाळी उठले तर ओटीवर माझं ताट आणि पेला वेगळा मांडलेला. पेल्याच्या काठाला लाल दोरा बांधला होता. मनूचं अंथरूण त्यांच्या खोलीत गेलं होतं. कपड्यांना मागच्या कुंपणावर वेगळी दोरी. "स्वयंपाकघरात येऊ नको," त्या म्हणाल्या, "हात बरा होईपर्यंत."

"अहो आई, डॉक्टर म्हणाले की औषध चालू झालं की—"

"डॉक्टर सांगतात. त्यांना कुठे आपल्या घरात राहायचंय?"

नऊ वर्षं मी त्या स्वयंपाकघराच्या नावानं कुरकुर करत होते. आता सुटका झाली तर उंबऱ्याशी उभी राहून ढसाढसा रडले. मनू जवळ आली की मीच मागे सरायची. ती म्हणाली, "आई, तू माझ्यावर रागावलीस का?"

ह्यांना एसटीडी बूथवरून फोन केला. सांगून झाल्यावर पलीकडून आवाजच येईना.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग बोला की काहीतरी!"

"मी येऊ का?"

"येऊन काय करणार? चट्टे मोजणार?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. तीन दिवस त्या बोलण्याचं वाईट वाटत राहिलं. पण यायला हवं होतं त्यांनी, तेही खरं.

गुरुवार

सिस्टरांच्या दवाखान्याला एक लांब पडवी होती. भिंतीला लागून बाकं, बाकांपुढे प्लास्टिकची घमेली, दहाबारा माणसं. कोणाचे हात वळलेले, कोणाच्या पायाला बोटं नाहीत. मी पदर तोंडावर ओढून अगदी कडेला बसले. आपण यांच्यातल्या नाही, चुकून आलोय, असं माझं चाललं होतं.

"हात भाजलेल्या वहिनी तुम्हीच ना? या इकडं. तिकडं लांब बसून उपचार होत नसतो."

या सिस्टर आग्नेस. चाळिशीच्या, नगरकडच्या, बोलणं घाटावरचं खणखणीत. पांढरी साडी, गळ्यात क्रूस, पायात साध्या स्लिपरा. त्यांनी माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हातमोजे नाहीत, फडकं नाही. तीन आठवड्यांत मला कोणी शिवलं नव्हतं. मी हात झटकन मागे घेतला.

"काय झालं? दुखलं?"

"नाही."

"मग द्या की परत."

दिला. पण माझ्या तोंडाला कुठे कुलूप? मी सरळ विचारलं, "तुम्ही मला बाटवणार का? सासूबाईंना वाटतंय तसं."

सिस्टर बोटं चाचपत राहिल्या. "सासूबाईंना सांगा, आधी बोटं सरळ करू. देवाचं काय ते देव बघेल." मग त्याच मोठ्यांदा हसल्या. तिथे कोणी मला धर्माचं पुस्तक दिलं नाही की प्रार्थनेला बसवलं नाही. तेल मात्र दिलं, आणि व्यायाम न केल्याबद्दल शिव्या खूप खाल्ल्या.

तिथली पद्धत अशी: कोमट पाण्यात अर्धा तास हात किंवा पाय भिजवायचे, दगडानं घासायचे, ओल्यावरच तेल चोळायचं, मग बोटांचे व्यायाम. रोज, घरीसुद्धा. आणि एक नियम: आपलं पाणी आपण बघायचं नाही. प्रत्येकानं शेजारच्याचं पाणी कढत नाही ना ते बघायचं, हातानं नाहीतर कोपरानं. बधिरपणा माझ्या डाव्या हातातही शिरत होता, पण त्याच्या दोनतीन बोटांना तेव्हा कळत होतं, म्हणून मी म्हटलं, मी माझं बघू शकते. सिस्टर म्हणाल्या, "आज कळतं म्हणून उद्या कळेलच असं नाही. कळेनासं होतं तेव्हा ते सांगून होत नाही, वहिनी."

माझ्या शेजारी गोविंदकाका बसायचे. संगमेश्वराकडचे, सत्तरीचे, पायांना बोटं नव्हती. "बाय, तुजं पानी मी बघतंय, माजं तू बघ," ते म्हणाले आणि माझ्या घमेल्यात कोपर बुडवून "बेस हाय" म्हणून मोकळे झाले.

आता माझी पाळी. ज्या पाण्यात त्यांचे पाय जायचे त्यात मी हात घालायचा. लाल दोऱ्याच्या पेल्यावरून तीन आठवडे रडणारी बाई मी, आणि माझा हात पुढे होईना. "माझं डाव्या हाताचं काही खरं नाही," असं काहीतरी पुटपुटले. सिस्टरांनी येऊन पाणी बघितलं आणि पुढे गेल्या. मला कोणी बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

खोटं

दर गुरुवारी सिस्टर विचारायच्या, "घरी पाणी कोण बघतं?"

"सासूबाई."

"चांगल्या आहेत तुमच्या सासूबाई."

"हो."

कोणी बघत नव्हतं. न्हाणीत एकटी बसून डाव्या हाताच्या बोटांनी मीच बघायची. पण परक्या बाईपुढे घरची लाज कशी काढायची? आमच्याकडे असल्या गोष्टी घराच्या बाहेर जात नाहीत. घरची अब्रू राखायला मी हात पणाला लावला आणि वर मला वाटत होतं की मी शहाणी.

औषधांनी अंग काळवंडलं. शिरेची सूज उतरवायच्या गोळ्यांनी तोंड सुजून गोल झालं. एक शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय गो सुमन, चेहरा चांगलाच भरलाय. गोड बातमी की काय?" हे शिमग्यापासून घरी फिरकले नव्हते! "असली तर आधी मलाच कळू दे," मी म्हटलं. आत सासूबाईंच्या हातातली पळी खाली पडली. त्या महिन्यात मला तेवढंच एकदा हसू आलं.

बोटं मात्र सरळ होत होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं, ते श्रावणात जवळजवळ सपाट टेकायला लागलं. सिस्टर कागद ठेवून पंजाची रेघ काढायच्या आणि मागच्या रेघेशी लावून बघायच्या. "अजून तीन महिने," म्हणायच्या. "भाजायचं नाही, कापायचं नाही. तीन महिने सांभाळा, हात तुमचा."

गणपतीत

गणपतीला हे आले. चुलत दीर, जावा, मुलं, घर नुसतं भरलं. मोदक करायला मी नाही, हे जावांच्या लक्षात आलं.

"हात भाजलाय तिचा," सासूबाई म्हणाल्या.

"मे महिन्यात भाजलेला? अजून?"

थोरल्या जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे, मग हाताकडे, मग काळवंडलेल्या दंडाकडे. मी उठले आणि न्हाणीत गेले. हात भिजवायची वेळ झालीच होती. दुपारच्या आरतीला सगळे पुढच्या ओटीवर गेले. न्हाणीतल्या चुलीवर आंघोळींसाठी हंडा रटरटत होता. मी घमेल्यात गरम घेतलं, वर गार ओतलं. किती ओतलं ते मला आजही आठवत नाही, कारण लक्ष जाऊबाईंच्या नजरेवर होतं. डाव्या हाताची बोटं बुडवली. कोमट वाटलं.

उजवा हात घातला आणि भिंतीला टेकून आरती ऐकत बसले.

हे प्रसादाचं विचारायला आले आणि दारातच थांबले. "सुमन! वाफ बघ केवढी येतेय!"

त्यांनी माझा दंड धरून हात बाहेर ओढला. मनगटापासून खाली लालभडक झाला होता आणि बोटांची कातडी सुटून आली होती. "दुखत नाहीये हो," मी म्हणत होते, "बघा, दुखत नाहीये." ते रडायलाच लागले. बाहेर टाळ वाजत होते आणि मला कळत होतं की डावा हातही गेला कामातून.

वास

सणाचा दिवस, गुरुवार नव्हे, तरी सिस्टरांनी दार उघडलं. पडवीमागे सहा खाटांची खोली होती, तिथे मला घेतलं. जखम धुताना त्यांनी एकच विचारलं.

"पाणी कोणी बघितलं?"

मी तोंड भिंतीकडे वळवलं.

"सासूबाईंनी?"

"कोणी बघत नव्हतं. पहिल्यापासून."

त्यांनी चिमटा ताटात ठेवला. मला वाटलं आता प्रार्थना करतील. त्या ओरडल्या. "मला शिव्या द्या, देवाला द्या, पण माझ्याशी खोटं बोलू नका! तीन महिने राहिले होते, वहिनी. तीन महिने!" आणि मग डोळे पुसून पुन्हा धुवायला लागल्या.

मला टोचून बघणारे तेच डॉक्टर येऊन बघून गेले; म्हणाले, आठवड्यात कळेल. आत विष पसरलं तर दोन बोटं काढावी लागतील. मनगटाकडे सरकलं तर आणखी.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. सकाळी पलीकडून सिस्टरांच्या गाण्याचा आवाज यायचा, मग चहा, मग ड्रेसिंग. पट्टी सोडायच्या आधी सिस्टर वाकून तिचा वास घ्यायच्या. जखम सडत असली तर नाकाला आधी कळतं. मी त्यांच्या हाताकडे बघतच नव्हते, नाकाकडे बघायची. पहिल्या दिवशी चेहरा तसाच. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी तसाच. चौथ्या दिवशी त्या वाकल्या, थांबल्या आणि पुन्हा वाकल्या.

करंगळीचं टोक काळं पडलं होतं. डॉक्टरांनी एक पेर काढलं. मग पुन्हा चार दिवस तोच वास घेणं. नवव्या दिवशी सिस्टर सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नुसता डेटॉलचा वास येतोय." त्या दिवशी मी पोटभर जेवले.

हे पहिले चार दिवस खाटेपाशी बसून होते. माझा भात कालवून भरवायचे, एका ताटात आपणही खायचे. ती रजा संपवून परत जाताना म्हणाले, "मे महिन्यातच यायला हवं होतं मी." "हो, हवं होतं," मी म्हटलं. मग आम्ही दोघंही बरे झालो.

एकदा सिस्टरांना विचारलं, "तुम्हाला आमची किळस येत नाही?"

"येते की. पहिल्या वर्षी साबणानं घासून घासून हात सोलले होते मी. मोठ्या सिस्टरना म्हटलं, मला परत पाठवा, मला यांच्याविषयी प्रेम वाटत नाही. त्या म्हणाल्या, वाटेल तेव्हा वाटेल, तोवर त्या म्हातारीचं पाणी बघून ये." सिस्टर पट्टी गुंडाळत होत्या. "आमच्या प्रभूनं मरायच्या आदल्या रात्री शिष्यांचे पाय धुतले. पकडून देणाराही त्यांच्यात होता. पाणी गरम होतं की गार, ते काही लिहून ठेवलेलं नाही. पण त्यानं बघितलं असणार."

पुढच्या गुरुवारी मी पडवीत जाऊन गोविंदकाकांच्या घमेल्यात कोपर बुडवलं. किळस आलीच. पण पाणी बरोबर होतं, आणि काका म्हणाले, "बेस."

पिशवी

त्याच्याही पुढच्या गुरुवारी मी आत ड्रेसिंगला होते. बाहेरून काकांचा आवाज आला, "अवो आजी, माजं पानी जरा बघताव काय? माजी बाय आत गेलीय."

दारातून बघितलं तर पायरीवर सासूबाई. हातात पिशवी, पदर नाकाला लावलेला. त्या कोण हे काकांना काय ठाऊक? सासूबाईंनी आजूबाजूला बघितलं. बाकावरचे सगळे पाण्यात हातपाय घालून बसलेले, कोणी उठण्यासारखं नव्हतं. मी पुढे निघाले तर सिस्टरांनी माझा दंड धरला.

सासूबाई कितीतरी वेळ उभ्या होत्या. काका त्यांच्याकडे तोंड वर करून बघत होते, नुसते, गरिबासारखे. मग सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली, बांगड्या वर सारल्या आणि घमेल्यात हात घातला.

"कढत आहे," त्या म्हणाल्या. "गार पाणी कुठे आहे?" तांब्याभर ओतून पुन्हा हात घातला. "हां. आता घाला पाय."

मला आनंद व्हायला हवा होता ना? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी दारातून ओरडले, "त्यांचं बघितलंत! परक्या माणसाचं बघितलंत! आणि माझं? माझं कोण बघणार होतं?"

सगळी पडवी ऐकत होती. सासूबाईंनी पदराला हात पुसला, पिशवी बाकावर ठेवली आणि पायऱ्या उतरून गेल्या. पिशवीत माझ्या दोन साड्या, मनूनं काढलेलं एक चित्र आणि आंबापोळी होती. मला वाटलं, संपलं. आता हात राहिला, घर गेलं.

थांब

दिवाळीआधी मला घरी सोडलं. निघताना सिस्टर म्हणाल्या, "पाणी कोण बघणार?" मी खरं सांगितलं, "माहीत नाही." त्या म्हणाल्या, मग कोपरानं बघा आणि दर गुरुवारी या. आजही जाते. आता औषधासाठी नव्हे, बाकावर माझ्या शेजारी नवीन कोणी पदर ओढून बसलेलं असतं म्हणून. त्यांना मी एवढंच सांगते: औषध चुकवू नका, आणि विचारणाऱ्याशी खोटं बोलू नका. घरच्या अब्रूला बोटं नसतात, तुम्हाला आहेत.

त्या वेळी घरी आले तर ओटीवर तसंच ताट, तोच लाल दोऱ्याचा पेला. दोन दिवस मी सासूबाईंशी बोलले नाही, त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत घमेलं भरलं आणि कोपर बुडवायला वाकले, तर दारात पावलं वाजली.

सासूबाई आत आल्या आणि पाटावर बसल्या. घमेल्याकडे बघत बोलायला लागल्या.

"माझ्या आत्याला होतं. माहेरी. कलमांच्या पलीकडे तिला खोपी बांधून दिलेली. जेवण मी न्यायची, मनूएवढी होते. दगडावर ठेवायचं आणि मागं वळून बघायचं नाही, असं सांगितलेलं. ती मागून हाका मारायची. बाय गो, जरा बस गो. मी धावत सुटायची."

मी वाकलेली होते ती खाली बसले.

"तो म्हातारा तसाच बघत होता," त्या म्हणाल्या. मग त्यांनी बांगड्या वर सारल्या. मी हात पुढे केला होता तो त्यांनी मनगटाला धरून अडवला. मे महिन्यानंतर त्या मला पहिल्यांदा शिवत होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. दुसरा हात पाण्यात घातला. "कढत आहे. भाजशील."

त्यांनी गार ओतलं, बघितलं, पुन्हा थोडं ओतलं. माझं मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. मनू दारात येऊन उभी राहिली होती.

"आजी, मी पण बघू?"

"ये. नीट बघ," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या आईचं पाणी आहे."

मनूनं पाची बोटं बुडवली, विचार केला आणि मान हलवली. मग मी हात घातला.